‘स्वस्तात मिळाली’ म्हणणारे आपण कोण?

२६ जानेवारी २०२५ ला रांचीत महिला हॉकी इंडिया लीगची पहिलीवहिली फायनल झाली. ओडिशा वॉरियर्सनं सूरमा हॉकी क्लबला २-१ असं हरवलं. ओडिशाचे दोन्ही गोल एकाच मुलीचे. ऋतुजा दादासो पिसाळ, तालुका फलटण, जिल्हा सातारा. पहिला गोल विसाव्या मिनिटाला, दुसरा छप्पन्नाव्या. म्हणजे सामना संपायला चार मिनिटं उरली होती, स्कोअर १-१ होता, आणि लीगचा पहिला चषक कुणाचा हे आपल्या शेजारच्या तालुक्यातल्या मुलीनं ठरवलं.

ही बातमी मी ज्यांना ज्यांना पाठवली, त्यातल्या बहुतेकांना आधी ‘ऋतुराज’ ऐकू आलं. तो गैरसमज दूर झाल्यावर जे वाक्य आलं ते असं: “भारी! ओडिशाला स्वस्तात मिळाली असणार.”

माझं भांडण या वाक्याशी आहे. ते बोलणारी माणसं वाईट नाहीत. कराड, इस्लामपूर, सांगली, विटा इथून निघून पुण्यात कोड लिहिणारी, माझ्यासारखीच आहेत. खेळावर त्यांचं मनापासून प्रेम आहे. पण एका मुलीनं फायनल जिंकून दिली हे ऐकल्यावर ती कुणाला केवढ्याला पडली, हा विचार आधी सुचत असेल, तर आपण चाहते राहिलेलो नाही. आपण मालकाचे बिनपगारी अकाउंटंट झालोय.

पर्स आपली नाही

नोव्हेंबर २०२५ मध्ये जडेजा राजस्थानला गेला आणि सॅमसन चेन्नईला आला, तेव्हाचे तुमचे ग्रुप आठवा. कुणाला किती कोटी मोकळे झाले, कुणाचा परदेशी स्लॉट अडकला, कोण ‘व्हॅल्यू’ आहे आणि कोण ‘डेड मनी’. बावीस वर्षांची पोरं फ्रँचायझीच्या संचालक मंडळात बसल्यासारखी बोलत होती. त्यातली मजा मला कळते. मी स्वतः शीट बनवतो, फॉर्म्युले लावतो, मला ते आवडतं. ‘कोण कुठे बसेल’ हा खेळाइतकाच जुना खेळ आहे.

पण एक साधी गोष्ट आपण विसरतो. वाचलेले पैसे आपल्याला मिळत नाहीत. खेळाडू कमी पैशात मिळाला तर मालकाचा फायदा होतो आणि खेळाडूचा तोटा होतो. या दोघांपैकी आपण कुणाच्या बाजूचे? पगारवाढीच्या महिन्यात आपण कंपनीला किती शिव्या घालतो ते आठवा. तिथे आपल्याला ‘स्वस्तात मिळालेला रिसोर्स’ म्हटलं तर राग येतो. मग शनिवार-रविवारी तोच शब्द आपण दुसऱ्याच्या घामाला का लावतो?

आणि हे आपल्याच पट्ट्यात घडावं याचं जास्त वाईट वाटतं. कारण खेळाडू तोलायची, जोखायची याहून चांगली रीत आपल्याकडे आधीपासून आहे. तिला कुस्तीचं मैदान म्हणतात.

कुंडलच्या मैदानाला कधी गेला असाल तर आठवा. नसाल तर गावच्या जत्रेतलं मैदान आठवा. तिथे जोड लावणारी जुनी माणसं असतात. या पोराला त्या पोराशी लावायचं का, वजन बघायचं, दम बघायचा, तालीम कुठली, वस्ताद कोण, मागच्या मैदानात कुणाला चितपट केलं होतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. ही सुद्धा टीम निवडच आहे. त्यावरही कडाक्याची भांडणं होतात. पण तिथे कुस्ती निकाली झाली की प्रेक्षकातला माणूस उठतो, स्वतःच्या खिशातून नोट काढतो, आणि माइकवरून त्याचं नाव आणि रक्कम पुकारली जाते. तिथे जास्त देण्यात मोठेपणा असतो. ‘गडी स्वस्तात लढला’ असं म्हणून मैदानातून खूश होऊन घरी जाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

मैदानाला मी डोक्यावर घेत नाही. तिथे पोरींना कितीतरी काळ साधी जागा नव्हती, हेही खरं आहे. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. तिथला चाहता पैलवान जोखतो, पण त्याची किंमत पाडत नाही.

जे मोजता येतं ते महाग होतं

आता हॉकीकडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत लिलाव झाला. महिलांमध्ये सगळ्यात महाग ठरली उदिता, ३२ लाख, बंगाल टायगर्स. परदेशी खेळाडूंत सगळ्यात महाग नेदरलँड्सची यिबी यान्सन, २९ लाख, ओडिशा वॉरियर्स. दोघींत एक गोष्ट समान आहे: दोघीही पेनल्टी कॉर्नर मारतात.

हॉकी न बघणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. बचाव करणाऱ्यांनी आपल्या डीमध्ये चूक केली की समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळतो. एक खेळाडू मागच्या रेषेवरून चेंडू आत ढकलते, दुसरी तो डीच्या कडेवर थांबवते, तिसरी काठीवर ओढून गोलात फेकते. त्या तिसरीला ड्रॅग-फ्लिकर म्हणतात, आणि स्कोअरशीटवर नाव फक्त तिचं येतं.

ड्रॅग-फ्लिकर महाग असणं चूक नाही. ते अवघड कौशल्य आहे आणि सामने त्यावर फिरतात. पण ती इतकी महाग का, हे एखाद्या इंजिनिअरला विचारा. डॅशबोर्डवर जे दिसतं त्याचंच प्रमोशन होतं. गोल दिसतो. पण तो पेनल्टी कॉर्नर मिळवायला उजव्या बाजूनं तीन जणींना चकवून डीमध्ये घुसलेली खेळाडू दिसत नाही. समोरच्या बचावाला मागून सतत टोचत राहणारी, त्यांचा पास चुकवायला लावणारी फॉरवर्ड दिसत नाही. मधल्या फळीत चेंडू हिसकावून दोन सेकंदांत पुढे देणारी तर अजिबातच दिसत नाही.

लीगला हे एकदा कळलं होतं. २०१६ आणि २०१७ च्या हॉकी इंडिया लीगमध्ये मैदानी गोलाला दोन गोल धरले जायचे, कारण खुल्या खेळाला किंमत यावी. नियम वादग्रस्त होता, पुढे गेला. पण तेवढ्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कुठल्या कामाला काय भाव, हे निसर्ग ठरवत नाही. नियम करणारी माणसं ठरवतात. म्हणून ‘मार्केटनं तिला एवढंच मोल दिलं’ हे वाक्य कुणी फेकलं की मला हसू येतं. मार्केट म्हणजे चार टेबलं आणि एक हातोडा.

दोन कोटींत चोवीस जणी

त्या पहिल्या हंगामात प्रत्येक महिला संघाची पर्स होती २ कोटी. पुरुष संघांची ४ कोटी. संघात २४ खेळाडू. सरासरी काढली तर माणशी सव्वाआठ लाखांच्या आसपास. तळाची बोली २ लाखांपासून सुरू.

आता सांगलीकडे बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला बंगळुरूनं ३ कोटी ४० लाखांना घेतलं. म्हणजे सांगलीच्या एका क्रिकेटपटूच्या रकमेत हॉकीचा एक अख्खा संघ विकत येतो आणि वर दुसऱ्या संघाच्या दोन तृतीयांश खेळाडू येतात.

मला स्मृतीच्या पैशाबद्दल तक्रार नाही. तिला अजून मिळावेत. क्रिकेट बघणारे जास्त, जाहिरात जास्त, पैसा जास्त, हे गणित मलाही येतं. कुणी म्हणेल, पंधरा दिवसांच्या स्पर्धेसाठी आठ लाख काय कमी आहेत? पंधरा दिवसांचे म्हणून कमी नाहीत. पण ते पंधरा दिवस विकत घेण्याआधी दहा-बारा वर्षं घातलेली असतात. आणि पुढच्या वर्षी ते पंधरा दिवस असतीलच याची खात्री कुणी देत नाही. २०१७ नंतर पुरुषांची लीग बंद पडली ती थेट डिसेंबर २०२४ मध्ये परत आली. सात वर्षं. मधल्या काळात अठराव्या वर्षीचा खेळाडू पंचविशीला पोचला. आपल्यापैकी कुणाची सात वर्षं अशी गेली असती तर आपण त्याला काय म्हटलं असतं?

जर्सी कुणाची, पोरगी कुणाची

मग चाहत्यानं नक्की कुणाच्या बाजूनं उभं राहायचं? संघाच्या? ओडिशा वॉरियर्सचंच बघा. पहिल्या हंगामाचे सगळे महिला सामने रांचीत झाले. म्हणजे ‘ओडिशा’ विजेती झाली, पण ओडिशात एकही सामना न खेळता. पुढच्या हंगामाला तर ते नावच राहिलं नाही, त्या जागी रांची रॉयल्स आली. विजेत्या संघाचा तुम्ही टॅटू काढला असतात तर वर्षभरात तो चुकीचा ठरला असता.

आपल्याला हे नवीन नाही. कासेगावचा काशिलिंग आडके प्रो कबड्डीत दबंग दिल्लीकडून चढाया करायचा, तेव्हा वाळवा तालुक्यातली पोरं दिल्लीची झाली. पुढे तो यू मुम्बात गेला, पोरं मुंबईची झाली. स्मृतीमुळे अख्खी सांगली बंगळुरूचं लाल-काळं घालून बसते. याला कुणी दलबदलूपणा म्हणेल. माझ्या मते हीच शहाणी निष्ठा आहे. संघ विकला जातो, नाव बदलतो, गाशा गुंडाळतो. गावचं पोरगं गावचंच राहतं.

फक्त ही निष्ठा क्रिकेट आणि कबड्डीपुरती जागी असते आणि हॉकीच्या वेळी झोपते. सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमधल्या हांगझोऊत आशिया कप झाला. भारतानं कोरियाला ४-२ नं हरवलं. पहिला गोल दुसऱ्याच मिनिटाला वैष्णवी विठ्ठल फाळकेचा. शेवटचा एकोणसाठाव्या मिनिटाला ऋतुजाचा. फलटण तालुक्यानं सामना उघडला आणि फलटण तालुक्यानंच बंद केला. त्याआधी जपानशी २-२ बरोबरी झाली, त्यातही एक गोल ऋतुजाचा. भारत फायनलला गेला, चीनकडून १-४ हरला, रौप्य घेऊन आला. त्या आठवड्यात तुमच्या किती ग्रुपवर यातलं काही आलं?

नावांचंही असंच. परदेशी समालोचक ‘दादासो’ आणि अक्षता ढेकळेचं ‘आबासो’ म्हणताना अडखळतात, ते ठीक आहे. पण ऋतुजाचं नाव इंग्रजी याद्यांमध्ये कधी ऋतुजा, कधी ऋतजा, कधी ऋजुता असं येतं. डेटाबेसमध्ये काम करणाऱ्याला याचा अर्थ विचारा. एका खेळाडूच्या तीन नोंदी होतात, शोधणाऱ्याला तिची अर्धीच कारकीर्द सापडते. तिचं नाव नीट शोधणारे आणि चूक कळवणारे चाहतेच नसतील, तर ते दुरुस्त कोण करणार?

माझा संघ

आता मी माझं शीट उघडतो. समजा महाराष्ट्राचा महिला संघ आहे. नियम तेच: २४ जणी, त्यात १६ भारतीय, त्यातल्या ४ ज्युनिअर, ८ परदेशी. पर्स २ कोटी.

गोलकीपर: सविता की बिचू देवी? सविताचं नाव मोठं आहे, टोकियोत चौथ्या आलेल्या संघाची ती भिंत होती. मालक असतो तर पोस्टरसाठी तिला घेतलं असतं. मी मणिपूरच्या बिचूला घेईन. मला एका हंगामाचं पोस्टर नको, पाच वर्षांचा संघ हवा.

पेनल्टी कॉर्नर: ३२ लाख म्हणजे पर्सचा जवळजवळ सहावा हिस्सा. तो हिस्सा मी बचावात घालणार नाही. २०२४ च्या राजगीरच्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीत दीपिकानं ११ गोल केले. ती फॉरवर्ड आहे, कॉर्नरही मारते, खुल्या खेळातही गोल करते. माझा मोठा खर्च तिच्यावर. दुसरी फ्लिकर परदेशी आठ जणींतून.

मधली फळी: सलीमा टेटे आणि वैष्णवी. सलीमाचा वेग आणि वैष्णवीची जागा धरून राहण्याची सवय. वैष्णवी हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्य जिंकणाऱ्या संघात होती, मोठा सामना तिला नवा नाही.

पुढे: दीपिकासोबत लालरेमसियामी आणि ऋतुजा. ऋतुजाला मी शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवणार नाही. दोन गोलांमधलं छत्तीस मिनिटांचं अंतर सांगतं की ती सामन्यात टिकून राहते.

मागे: अक्षता. ती सध्या वैष्णवी-ऋतुजाइतकी भारतीय संघाच्या बातम्यांत नसते. म्हणूनच ती मला हवी.

आता कुणी मला ट्रेड सुचवेल: उदिता घे, वैष्णवी आणि ऋतुजा दे. कागदावर चांगलाच सौदा आहे. मी नाही म्हणेन. साताऱ्याच्या आहेत म्हणून? हो, ते एक कारण आहेच, आणि मला त्याची लाज नाही. पण दुसरं कारण खेळाचं आहे. ही लीग दोन आठवड्यांची. वेगवेगळ्या देशांतल्या मुलींना एकत्र सराव करायला मोजके दिवस मिळतात. अशा स्पर्धेत आधीपासून एकमेकींची भाषा, लय, धावण्याची सवय ओळखणाऱ्या दोघी-तिघी असणं हे मोठं भांडवल असतं. एका तालुक्याच्या मैदानांतून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीकडे जाणाऱ्या एकाच वाटेनं घडलेल्या मुलींना फोडून एक नाव विकत घेणं म्हणजे चालणारा कोड काढून महागडी लायब्ररी बसवणं.

तुमचा संघ वेगळा असेल. असायलाच हवा. भांडूया. पण भांडण ‘कोण कुठे चांगली खेळेल’ यावर असू दे.

मग महाराष्ट्राचा संघ कुठे आहे?

इथे खरी अडचण येते. माझा संघ समजाच राहतो. लीग परत आली तेव्हा पुरुषांचे आठ आणि महिलांचे चार संघ होते, त्यात महाराष्ट्राचा एकही नव्हता. ओडिशा सरकार २०१८ पासून भारतीय हॉकी संघांचं प्रायोजक आहे. झारखंडचं रांची हे महिला हॉकीचं घर झालंय. आपण मात्र खेळाडू पुरवतो आणि टाळ्या वाजवतो. टाळ्यासुद्धा उशिरा.

कुणी म्हणेल, महाराष्ट्रात हे चालत नाही, करून पाहिलंय. खरं आहे, करून पाहिलंय. प्रीमियर हॉकी लीगमध्ये मराठा वॉरियर्स होते. २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स फायनलपर्यंत गेले. मग मुंबई मॅजिशियन्स दोन हंगाम, नंतर दबंग मुंबई. पण ही यादी नीट वाचा. यातले संघ आपल्या मैदानावर हरले म्हणून संपले नाहीत. कुठे लीगच बंद पडली, कुठे मालकांनी हात काढून घेतला. आणि हे सगळे पुरुषांचे संघ होते. बायकांचा संघ आपण कधी काढलाच नाही, मग तो चालत नाही हे कुणी ठरवलं? १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार एलायझा नेल्सन पुण्याची होती. वारसा नाही असंही म्हणता येणार नाही.

पैसा? सातारा-सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात पैसा नाही, असं निदान आपल्याला तरी कुणी सांगू नये. याच पट्ट्यातल्या साखर कारखान्यांनी पैलवानांना मानधन दिलंय, मैदानं भरवलीयत. दोन कोटींची पर्स एका कारखान्याला जड जाईल, पण कारखाने, दूध संघ, बँका मिळून जड जाणार नाही. संघ चालवायला पर्सच्या बाहेरही खर्च येतो हे मला माहीत आहे. पण तोही इतका अशक्य नाही की विषय कधी टेबलावरच येऊ नये.

फक्त नावापुरता संघ मला नको. ‘महाराष्ट्र’ लिहिलेली जर्सी घालून सगळे सामने दुसऱ्या राज्यात खेळणारा संघ म्हणजे पुन्हा ओडिशा वॉरियर्स. माझ्या तीन अटी आहेत. एक, काही सामने पिंपरीच्या नेहरूनगरला, ध्यानचंद स्टेडियमवर व्हावेत, साताऱ्याहून एसटीनं जाऊन बघता आले पाहिजेत. दोन, चारही ज्युनिअर जागा राज्यातल्या मुलींना, आणि त्यातल्या निदान दोन पुण्या-मुंबईबाहेरच्या तालुक्यांना. तीन, खेळाडूंशी करार एका हंगामाचा नको, तीन हंगामांचा हवा, म्हणजे लीग डळमळली तरी पोरगी रस्त्यावर येणार नाही.

हे मालकांनी मान्य करावं म्हणून मागणारे लोक लागतात. ते आपण आहोत. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर फॅंटसी ॲपवरचे पैशाचे डाव बंद झाले. इतकी वर्षं रोज संघ लावून कमावलेली आपली नजर आता मोकळी आहे. ती इथे लावा. वैष्णवी, ऋतुजा, अक्षता यांचे सामने शोधून बघा, त्यांची नावं बरोबर लिहा, चूक दिसली तर कळवा. आमदाराला, कारखान्याच्या चेअरमनला, प्रायोजकत्वाचं बजेट असलेल्या तुमच्या कंपनीतल्या साहेबाला विचारा की फलटणच्या पोरी दुसऱ्या राज्यांना चषक जिंकून देतात, आपला संघ कधी?

आणि पुढच्या लिलावात हातोडा पडेल, एखाद्या मुलीच्या नावापुढे आकडा येईल, तेव्हा तो कमी वाटला तर खूश होऊ नका. राग येऊ द्या.